पाण्याखालचा फुटबॉल

बोटीच्या तळाला माणसं मुद्दाम भोकं पाडतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. पण इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, बेसिनचं आणि संडासाचं पाणी बाहेर सोडावं लागतं, आणि यातली बरीच भोकं पाण्याच्या पातळीखाली असतात. प्रत्येक भोकात एक नळी, आणि नळीच्या आतल्या तोंडाला उघडबंद करता येणारी झडप. ही झडप आतून कुजली आणि तुटली, तर बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडते. त्यासाठी वादळ लागत नाही, खडक लागत नाही. रात्री मालक घरी झोपलेला असतो आणि सकाळी फक्त डोलकाठी दिसते.

त्यामुळे जुनी झडप बदलायची वेळ आली की बोटवाल्यांमध्ये जोरदार वाद होतात. पितळ घ्यावं का ब्राँझ? स्टेनलेस स्टील का प्लॅस्टिक? आपल्याकडे टीममध्ये कुठली प्रोग्रॅमिंग लँग्वेज भारी यावर जसा चहा थंड होईस्तोवर वाद चालतो, तसाच हा.

आता तुम्ही म्हणाल, सातारा-सांगलीच्या माणसाला याचं काय? समुद्र राहिला सह्याद्रीच्या पलीकडे. पण मंडळी, पाण्याखाली झडप बसवून तिच्या भरवशावर जगणारी माणसं आमच्याकडे काही कमी नाहीत. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कृष्णेच्या काठाने जा. जागोजागी नदीत पाइप सोडलेले दिसतील, आणि सेंट्रीफ्यूगल पंपाच्या अशा प्रत्येक पाइपच्या पाण्यातल्या टोकाला एक झडप असते. कॅटलॉगमध्ये तिचं नाव फूट व्हॉल्व. आमच्याकडे सगळे तिला 'फुटबॉल' म्हणतात. "मोटर चालू आहे पण पाणी नाही, फुटबॉल गेला वाटतं" हे वाक्य पुण्यात वाढलेल्या मित्राला ऐकवलं तर तो बिचारा मैदान शोधायला लागतो :)

या फुटबॉलचं काम साधं आहे. सेंट्रीफ्यूगल पंपाला हवा ओढता येत नाही. सुरू करताना त्याच्या पोटात आणि सक्शन पाइपमध्ये आधीच पाणी भरलेलं असावं लागतं. मोटर बंद झाल्यावर ते पाणी नदीत परत पळून जाऊ नये म्हणून खाली एकाच बाजूने उघडणारी झडप. ती गळायला लागली की पाइप रिकामा, पंप कोरडा फिरतो, आतलं सील जळतं. शेतीची वीज दिवसातून ठरावीक तास, तीही कधी दिवसपाळीला तर कधी रातपाळीला. रात्री दोन वाजता नदीच्या उतारावर बॅटरी घेऊन उभं राहून पाइपमध्ये बादल्या ओतत बसायचं, आणि ते पाणी खालून गळतच राहणार. मग जुना उपाय म्हणजे शेण कालवून ते पाणी पंपात ओतायचं. शेण झडपेच्या फटीत बसतं आणि तेवढी रात्र निभावते. (याला आमच्या धंद्यात हॉटफिक्स म्हणतात.)

म्हणजे बोटवाल्याचा आणि ऊसवाल्याचा प्रश्न एकच: पाण्याखाली जी वस्तू दिसत नाही, जिथे हात पोचत नाही, ती कशाची बनवावी? याचं उत्तर 'सगळ्यात मजबूत ते' असं असेल असं आपल्याला वाटतं. आमच्या दोन जिल्ह्यांचा इतिहास बघितला तर तसं दिसत नाही.

सुरुवात चामड्यापासून करू. पंप येण्याआधी विहिरीवर मोट होती. तिची मोठी चामड्याची पिशवी, खाली निमुळती होत गेलेली सोंड, आणि दोन दोर. जाड दोर म्हणजे नाडा, तो पिशवीला. बारीक दोर सोंडेच्या तोंडाला. बैल धावेवरून उतरायला लागले की पिशवी वर येते, सोंड मात्र दुमडून पिशवीच्या तोंडाच्या उंचीला धरलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. वर आल्यावर दोन दोरांच्या वाटा वेगळ्या होतात, सोंड थारोळ्यात लांब होते आणि पाणी आपोआप बाहेर पडतं. मोटेला झडप नाही, पण झडपेचं काम आहे! एकही हलणारा धातूचा भाग न वापरता, फक्त दोराच्या लांबीच्या हिशोबावर.

चामडं ओलं असेल तोवर लवचिक. कोरडं पडलं की तडकतं, सतत भिजलं की कुजतं. म्हणून मोटेला तेल पाजायचं, ठिगळ लावायचं, शिवायचं. हे काम चर्मकार बलुतेदाराचं, आणि मोबदला धान्यात. चामड्याची निवड टिकून होती ती चामडं टिकाऊ होतं म्हणून नव्हे, तर दुरुस्त करणारा माणूस गावातच होता म्हणून. (गावात म्हणजे खरं तर गावकुसाबाहेर. ज्याच्या हातावर अख्ख्या गावाचं बागायत चालायचं त्याला घर मात्र लांब. हेही त्या व्यवस्थेतच धरायला हवं.)

मग आलं लोखंड, आणि ते फुलं उधळत आलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतं, १८८८ सालापासूनचं. त्यातून कडबा कापायची यंत्रं आणि पुढे १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर. पहिली दोन वर्षं नांगर विकलाच जाईना. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, लोखंडाने जमिनीला विष चढतं.

आज आपण यावर हसतो. पण जरा थांबून विचार केला तर तो शेतकरी एक रास्त प्रश्न विचारत होता: ही नवी वस्तू माझ्या जमिनीच्या, माझ्या पाण्याच्या संगतीत काय करेल? उत्तर चुकलं होतं, प्रश्न बरोबर होता. घरात त्याला रोजचा अनुभव होता की पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. धातू आणि पदार्थ एकमेकांना बाधतात हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

बेळगावची जागा शहराच्या वाढीसाठी गेल्यावर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात जागा दिली. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ, निवडुंग आणि सापांनी भरलेला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. पण हे दोन जिल्हे मुळात एकच घर आहेत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. कोल्हापूरच्या गाडीतून जाताना किर्लोस्करवाडीची पाटी आली की डबा उघडायची वेळ झाली, एवढंच आपल्याला माहीत असतं. जिथे कोळसा नाही, खनिज नाही, बंदर नाही, तिथे त्या माणसाने ओतशाळा चालवून दाखवली.

पहिल्या महायुद्धात या ओतशाळेची खरी परीक्षा झाली. परदेशातून येणारं बिडाचं लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. ही गोष्ट आपल्याकडे शांततेचं रूपक म्हणून सांगितली जाते, आणि ती छानच आहे. मला मात्र तिच्यात मटेरियलची निवड दिसते. युद्धाच्या काळात उत्तम धातू कुठला याला अर्थ नव्हता, मिळणारा धातू कुठला एवढाच प्रश्न होता. हातात येईल त्या भंगारातून कामाचं बीड कसं ओतायचं हे शिकलेल्या ओतशाळेने १९२६ मध्ये सेंट्रीफ्यूगल पंप बनवला. पुढे १९६२ मध्ये कोयनेची वीज तयार व्हायला लागली आणि डिझेल इंजिनाच्या जोडीला विजेच्या मोटरी नदीकाठी उतरल्या. मोट हळूहळू विहिरीवरून उठली आणि कवितेत जाऊन बसली.

आता हा पंप उघडून बघा. बाहेरचं कवच बिडाचं. आत फिरणारा पंखा, ज्याला इंपेलर म्हणतात, तो बऱ्याच पंपांत ब्राँझचा. दोन धातू का? बीड स्वस्त, जाड ओतता येतं, आणि गोड्या पाण्यात त्याच्यावर गंजाचा जो थर धरतो तो पुढचा गंज मंदावतो. पण इंपेलरच्या पात्यांना गुळगुळीत आणि अचूक राहावं लागतं. तिथे भारतीय मानकातलं एक नेहमीचं ब्राँझ वापरतात: साधारण ८५ टक्के तांबं, आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५. जगभरात बोटींच्या झडपांसाठी जे ब्राँझ चांगलं मानतात, ते जवळपास हेच!

इथे पितळ आणि ब्राँझ यातला फरक नीट समजून घेऊ, कारण बोटी यावरच बुडतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, आपल्या काशाचा भाऊ. दिसायला दोन्ही पिवळसर. पण जस्त समुद्राच्या पाण्यात टिकत नाही. ४० टक्के जस्त असलेलं स्वस्त पितळ खाऱ्या पाण्यात राहिलं की जस्त विरघळून निघून जातं आणि मागे उरतो तांब्याचा स्पंज. गंमत, म्हणजे खरं तर भीती, अशी की वस्तूचा आकार तसाच राहतो. आटेही जागेवर दिसतात. फक्त खरवडलं तर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो, आणि जरा जोर लावला की नळी बिस्किटासारखी तुटते. त्यात भर नावांच्या घोळाची. 'मँगनीज ब्राँझ' या नावाने विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात जस्ताने भरलेलं पितळच असते. लेबल वाचून माल घेणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

उलट कथील घातलेलं ब्राँझ किती टिकतं ते बघायला विजापूरला जा. मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. शतकानुशतकं उघड्यावर पडून आहे आणि अजून हात लावला तर गुळगुळीत लागते. अशा तोफांच्या धातूवरूनच इंग्रजीत गनमेटल हा शब्द आला, आणि भारतातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात 'गनमेटलचा व्हॉल्व' म्हणून आजही जो मिळतो त्याचं कूळ हेच. एका तोफेचा नांगर झाला आणि दुसऱ्या तोफेची झडप.

पण धातू एकटा राहत नाही, हा पुढचा धडा. १७६१ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने 'अलार्म' नावाच्या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून बघितला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला. १७६३ मध्ये जहाज तपासलं तर किड्यांचा त्रास नव्हता, पण पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजागी विरून गेले होते. काही खिळे मात्र ठणठणीत. कारण? तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता, आणि तिथे लोखंडाला तांबं चिकटलं नव्हतं! कुणाच्या तरी आळसाने आरमाराला विज्ञान शिकवलं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी बनते, आणि त्यातला दुबळा धातू बळी जातो.

१८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने हेच तत्त्व उलटं वापरलं. तांब्याच्या पत्र्याला मुद्दाम जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे ते झिजतील आणि तांबं वाचेल. तांबं खरंच वाचलं. पण विरघळणारं तांबंच समुद्री शिंपल्यांना दूर ठेवत होतं, हे मग लक्षात आलं. वाचवलेल्या तांब्यावर शिंपल्यांचं रान माजलं आणि जहाजं मंदावली. बग फिक्स झाला, फीचर मोडलं. ज्याने कधी प्रॉडक्शनमध्ये कोड टाकलाय त्याला डेव्हीसाहेबांबद्दल नक्की माया वाटेल.

आपल्या घरातही हे शास्त्र होतंच. कल्हई म्हणजे दुसरं काय? तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर, म्हणजे आमटीतल्या चिंचेची आणि तांब्याची गाठच पडत नाही. कल्हईवाला गल्लीत येऊन भाता मारायचा तेव्हा तो तेच करत होता जे 'अलार्म'वर त्या राहून गेलेल्या कागदाने केलं: दोन शत्रूंच्या मध्ये एक पडदा. फक्त हा पडदा घासून जातो, म्हणून कल्हईवाल्याला परत परत यावं लागायचं.

मग आमच्या फुटबॉलला हे सगळं लागू आहे का? अर्धंच. कृष्णेचं पाणी गोडं. समुद्राच्या मानाने त्यात मीठ नगण्य, त्यामुळे बॅटरीचा खेळ फार मंद चालतो. समुद्रात काही वर्षांत स्पंज होणारं साधं पितळ इथे खूप जास्त टिकू शकतं. म्हणून इथली लढाई धातूची नव्हतीच, ती झडपेच्या पडद्याची होती. जुन्या झडपांत हा पडदा चामड्याचा असायचा. मोट गेली तरी चामडं काही काळ पाण्याखाली नोकरीवर राहिलंच म्हणा ना. उन्हाळ्यात नदी उतरली, झडप उघडी पडली की चामडं वाळून वाकडं व्हायचं, आणि मग गळती.

चामड्याची हकालपट्टी कशी झाली हे हातपंपाच्या गोष्टीत छान दिसतं. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे गावोगाव बोअर घेतल्या गेल्या. त्यावर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबासाठी बनलेले. अख्खं गाव त्यावर तुटून पडल्यावर ते मोडायला लागले, कारण बीड दाब सोसतं पण हिसका सोसत नाही. जालना आणि सोलापूर इथे पोलादी पत्रे जोडून मजबूत पंप बनवले गेले, आणि सोलापूरच्या पंपाच्या पायावर १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. त्याच्या आतली वायसरं मात्र सुरुवातीला चामड्याचीच होती. पुढे नायट्राइल रबर आलं आणि त्याबरोबर दुरुस्तीच्या खेपा कमी झाल्या.

फुटबॉलमध्येही रबर आलं, मग कवच प्लॅस्टिकचं झालं. १९८६ मध्ये शेतीपंपांच्या फूट व्हॉल्वसाठी स्वतंत्र भारतीय मानकही आलं. त्यात महत्त्वाचा मुद्दा होता झडपेतून पाणी जाताना होणाऱ्या अडथळ्याचा. अरुंद, ओबडधोबड बिडाच्या झडपेतून पाणी ओढायला मोटर जास्त वीज खाते. झडप टिकते खूप, पण ती रोज थोडी वीज गिळत राहते आणि ते कुणाला दिसत नाही.

प्लॅस्टिक जिंकायचं आणखी एक कारण कुठल्याही मानकात सापडणार नाही. नदीकाठच्या मोटरींमधल्या तांब्याची आणि केबलची चोरी हा आमच्याकडचा जुना उपद्रव आहे. रात्रीत केबल कापून नेतात. अशा ठिकाणी मोडीत भाव येईल असा धातू बसवणं म्हणजे चोराला आमंत्रण. प्लॅस्टिकच्या फुटबॉलला भंगारवाला विचारत नाही, हा त्याचा केवढा मोठा गुण! गंज न लागणं ही त्याची खुबी खरी, पण डोळा न लागणं त्याहून मोठी.

आणि पूर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २००५ मध्ये पाणी ५० च्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर, आणि २०२१ मध्ये पुन्हा धोक्याच्या खूप पुढे. सेंट्रीफ्यूगल पंप पाण्यापासून सहा-सात मीटरपेक्षा फार उंच ठेवता येत नाही, कारण हवेचा दाबच पाणी त्याच्यापुढे ढकलत नाही. म्हणजे पंप नदीजवळ ठेवणं भाग आणि पूर आला की तो वर ओढणंही भाग. मोटरी ओढताना जीव धोक्यात घालणारी माणसं आमच्याकडे दर पावसाळ्यात असतात. पाइप आणि फुटबॉल तर बहुतेक वेळा नदीच्याच हवाली. जी वस्तू दर काही वर्षांनी वाहून जाणार, ती पन्नास वर्षं टिकेल अशी का घ्यावी? तिथे स्वस्त आणि तालुक्याच्या दुकानात लगेच मिळणारी वस्तूच शहाणपणाची. आता बरेच जण पाण्यातच बुडून राहणारे सबमर्सिबल पंप बसवतात. त्यांना प्रायमिंगच नको, म्हणजे फुटबॉलही नको. झडप टिकवण्याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तिची गरजच काढून टाकणं, हा आणखी एक मार्ग.

बोटवाल्याचं गणित नेमकं उलटं आहे. त्याची झडप फुटली तर पीक वाळत नाही, बोटच जाते. तेव्हा खाऱ्या पाण्यात साधं पितळ नकोच. कथलाचं ब्राँझ, नाहीतर जस्त निघून जाऊ नये म्हणून खास बनवलेलं पितळ, नाहीतर काचतंतू घातलेलं नायलॉन. स्टेनलेस चकाकतं, पण साचलेल्या पाण्यात, आट्यांच्या फटीत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे गुपचूप खड्डे पाडून घेतं. आणि नळी, झडप, पुढचा जोड सगळं एकाच जातीचं. ब्राँझच्या झडपेला दोन पैसे वाचवायला पितळी जोड लावला की तो आधी जातो. छोट्या बोटींच्या झडपांच्या आंतरराष्ट्रीय मानकात 'गंजरोधक' म्हणजे पाच वर्षं बिघाड न होणारं एवढाच अर्थ धरलाय, हेही लक्षात ठेवलेलं बरं. बोट माणूस पाच वर्षांसाठी घेत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांना सारखीच लागू. बोटवाले बोट पाण्याबाहेर काढली की प्रत्येक झडप उघडबंद करून बघतात, खरवडून रंग बघतात. कृष्णाकाठी ते काम मे महिन्यात, पाणी उतरलेलं असताना होतं. पाइप वर ओढायचा, जाळी साफ करायची, रबर बोटाने दाबून बघायचं आणि कडक झालं असेल तर बदलायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. जूनमध्ये नदी भरली की मग काहीच दिसत नाही.